खाडा धरणारा पास कोणता? हळदीच्या सिझनपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

गेमचा पास म्हणजे पैसे भरायचे आणि बहुधा ठरावीक मुदतीत खेळून टप्प्याटप्प्याने बक्षिसं उघडायची. त्याबद्दल लिहिणारे सहसा शेवटच्या लेव्हलला कोणती बंदूक मिळते, कोणता ड्रेस मिळतो तिथून सुरुवात करतात. मी दुसऱ्या टोकाकडून बघतो. पैसे भरून पास घेतला आणि मधले पंधरा दिवस गेम उघडायलाच जमलं नाही, तर त्या पासचं काय होतं? नोकरी करून खेळणाऱ्याला पास परवडला की नाही हे त्यावर ठरतं.

विश्रामबागेत शिकायला असताना मेस लावली होती. तिथं खाडा धरायची पद्धत होती. गावाला जाणार म्हणून आदल्या दिवशी सांगितलं की तेवढी ताटं पुढच्या महिन्यात धरली जायची. न सांगता गेलात तर ताट बुडालं, पैसेही बुडाले. गेमच्या पासांचंही तेच आहे. काही खाडा धरतात, बरेचसे धरत नाहीत, आणि दोनचार असे आहेत की अर्धा धरतात आणि पूर्ण धरल्यासारखं दाखवतात.

माझं काम सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाचं आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हळदीची आवक जोरात असते. सौदे झाले की पट्ट्या, हमाली, तोलाई, आणि मध्येच मार्चअखेर. घरी येऊन हातपाय धुऊन बसेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. पावसाळ्यात जरा निवांत, दिवाळीच्या आधी परत धावपळ. या सगळ्यातून जो वेळ उरला त्यात हे पास वापरले. घरी जुना डेस्कटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड साधंच, त्यावर व्हॅलोरंट आणि डीप रॉक गॅलॅक्टिक. फोनवर बीजीएमआय, कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल आणि क्लॅश ऑफ क्लॅन्स. मिरजेच्या मित्राकडे पीएस५ हे गेमचं यंत्र आहे, तिथं अधूनमधून हेलडायव्हर्स २. सुट्टीत भाचा येतो, त्यामुळे प्रत्येक पास शाळकरी पोराच्या डोळ्यांनीही बघायला मिळाला.

हा प्रकार आला कुठून ते थोडक्यात. २०१३ साली डोटा २ या गेमच्या 'द इंटरनॅशनल' स्पर्धेसाठी तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने कॉम्पेंडियम नावाची डिजिटल पुस्तिका विकायला काढली आणि त्याच्या विक्रीतला २५ टक्के वाटा बक्षिसात टाकला. पुढं त्याचाच बॅटल पास झाला. २०२१ च्या स्पर्धेचं बक्षीस ४ कोटी डॉलरवर गेलं ते याच जोरावर. २०२३ मध्ये व्हॉल्व्हनेच तो मोठा पास बंद केला आणि त्या वर्षीचं बक्षीस सुमारे ३० लाख डॉलरवर आलं. पण आज आपण ज्याला पास म्हणतो तो साचा घरोघरी नेला फोर्टनाइटने, डिसेंबर २०१७ पासून. तेव्हा किंमत ९५० व्ही-बक्स (गेमचं विकतचं चलन), पुढच्या सिझनपासून १०० टप्पे, आणि सगळे पूर्ण केले तर भरल्यापेक्षा जास्त व्ही-बक्स परत. सिझन संपला की दार बंद. हे दार बंद होणंच सगळ्यांनी उचललं. फोर्टनाइटने स्वतः मात्र २०२४ मध्ये जाहीर केलं की नव्या पासमधल्या वस्तू १८ महिन्यांनंतर गेममधल्या दुकानात परत येऊ शकतात. ज्यांनी रात्र रात्र जागून त्या मिळवल्या होत्या त्यांना ते आवडलं नाही. मला चांगलं वाटलं.

आता वापराचं. सगळ्यात जास्त दिवस व्हॅलोरंटबरोबर गेले. पास १००० व्हीपीचा (व्हीपी म्हणजे पैसे देऊन घ्यायचं गेमचं चलन), अ‍ॅक्ट म्हणजे तिथला सिझन साधारण दोन महिन्यांचा, ५० टप्पे आणि वर शेवटाला थोडे जास्तीचे. यातली चांगली गोष्ट म्हणजे साप्ताहिक मिशन साचून राहतात. तीन आठवडे गेलो नाही तरी चौथ्या आठवड्यात मागची मिशन रांगेत उभी असतात, एक संच संपला की पुढचा उघडतो. म्हणजे अ‍ॅक्टच्या आत खाडा चालतो. रोजची जी छोटी बक्षिसं असतात, किंगडम क्रेडिट्स या खेळून मिळणाऱ्या चलनाची, ती त्या दिवसापुरतीच. ती बुडाली तरी पासला फार धक्का लागत नाही. अ‍ॅक्ट संपला की मात्र सगळं संपलं, आणि व्हीपी एकही परत मिळत नाही. पासमध्ये मिळतात ते रेडियनाइट पॉइंट. ते दुसऱ्या, महागातल्या स्किनचे, म्हणजे बंदुकीच्या सजावटीचे, इफेक्ट उघडायला लागतात. म्हणजे फुकट मिळालेलं लावायचं कुठं, तर विकत घेतलेल्या वस्तूला. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ही युक्ती बघून दाद द्यावीशी वाटते.

भाचा मे महिन्यात आला होता तेव्हाची गोष्ट. अ‍ॅक्ट संपायला एक रात्र बाकी, पन्नासच्या टप्प्यावरची बंदूक समोर दिसतेय.

"मामा, पाचच लेव्हल राहिल्यात की. घेऊन टाकूया."

"एक केवढ्याला?"

"तीनशे व्हीपी."

"पाचाचे किती झाले?"

पोरगं गप्प. पंधराशे. अख्खा पास हजाराचा, आणि त्याचे शेवटचे पाच टप्पे पंधराशेचे! कागदावर लिहून दाखवलं तेव्हा त्यालाच हसू आलं. तरी पुढचा अर्धा तास तो त्या बंदुकीकडेच बघत होता, हेही सांगायला पाहिजे. किंमत कळली म्हणून हाव जात नाही. लॅपटॉपसारखं डेस्कटॉपलाही झाकण असतं तर ताईने ते बंद केलं असतं.

यातूनच एक सवय लावून घेतली आणि ती जवळजवळ सगळीकडे चालते. पास पहिल्या दिवशी घ्यायचाच नाही. पैसे न भरणाऱ्यांना मिळणाऱ्या बक्षिसांच्या, फुकटच्या रांगेत खेळत राहायचं, आणि सिझनच्या शेवटच्या दोनतीन दिवसांत आपण किती टप्पे गाठले ते बघून ठरवायचं. तेव्हा पैसे भरले तरी गाठलेल्या टप्प्यापर्यंतची सगळी बक्षिसं एकदम उघडतात. व्हॅलोरंट, बीजीएमआय, कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल, तिन्हींत हे चालतं. पहिल्याच दिवशी घ्यायला लावायला जे बॅनर नाचतात ते याच कारणासाठी. आधी पैसे भरलेला माणूस ते वसूल करायला रोज येतो, न भरलेला येईलच असं नाही.

बीजीएमआयचा रॉयल पास आणि कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलचा पास एकत्र घेतो, कारण दोघांचं आमिष एकच आहे: पास पूर्ण करा, पुढच्या पासचे पैसे परत. बीजीएमआयमध्ये यूसी, कॉल ऑफ ड्यूटीत सीपी, ही त्यांची आपापली चलनं. ऐकायला एकदम रास्त. पण परत मिळणारे पॉइंट टप्प्याटप्प्यावर थोडे थोडे वाटलेले असतात. ऐंशी टक्के पास झाला तर परतावा अर्धवट येतो, पुढच्या पासला थोडे कमी पडतात, आणि तेवढे थोडे विकत मिळत नाहीत. पॅक ठरावीक आकाराचेच. मग गरजेपेक्षा मोठा पॅक घ्यायचा आणि वर उरलेले पॉइंट पडून राहतात. अर्धा खाडा धरणारे म्हणालो ते हेच. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलचा सिझन महिन्याभराचा आणि टप्पे ५०, त्यामुळे हळदीच्या दिवसांत तो झेपत नाही. बीजीएमआयचा साधारण दोन महिने चालतो, तेवढी उसंत बरी पडते.

बीजीएमआयबद्दल आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाने लक्षात ठेवावी. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतासाठीचा अवतार म्हणून बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ ला अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायर या गेमवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, त्याची फ्री फायर मॅक्स ही आवृत्ती तेवढी राहिली. पासात घेतलेली वस्तू आपली नसते, गेम चालू असेपर्यंत वापरायची परवानगी असते. ती परवानगी सरकारच्या एका आदेशावर जाऊ शकते हे इथं सगळ्यांनी बघितलंय. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर दुकानातले लोक मला विचारायला लागले, 'काय ओ, तुमचं ते बंद झालं म्हणे?' तो कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. पासमध्ये पैसे जातात, पण परत येतो तो रंगीत शर्ट. त्यामुळे तो त्यात बसत नाही. घरच्यांना दोन्ही सारखंच वाटतं ही गोष्ट वेगळी.

क्लॅश ऑफ क्लॅन्सचा गोल्ड पास वेगळ्या जातीचा. एप्रिल २०१९ पासून आहे, महिन्याचा, थेट रुपयांत. इथं दिखाऊ वस्तू कमी आणि गावाच्या कामाची गती जास्त: बांधकाम आणि संशोधन यांचा वेळ आणि खर्च २० टक्क्यांपर्यंत कमी. म्हणून शेवटी घ्यायची माझी युक्ती इथं अर्धीच लागू पडते. टप्प्यांची बक्षिसं शेवटी घेतली तरी मिळतात, पण महिनाभराची सवलत गेलेली असते. उलट खाड्याच्या बाबतीत हा पास सोसणारा आहे. आव्हानं हळूहळू उघडतात आणि महिना संपेपर्यंत करता येतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोन हल्ले केले तरी भागतं. मार्चअखेरीच्या दिवसांतही मी हा एक गेम सोडला नाही. मात्र दिखाव्यासाठी नाही तर पुढं जायला पैसे मोजतोय हे मनात टोचतं, आणि टोचायला पाहिजे.

आता खाडा पूर्ण धरणारे. डीप रॉक गॅलॅक्टिक हा डेन्मार्कच्या घोस्ट शिप गेम्सचा. गेम एकदा विकत घ्यायचा, सिझनचा पास सगळ्यांना फुकट, १०० टप्पे. पहिला सिझन नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. जून २०२४ पासून तर मागचा कोणताही सिझन निवडून खेळता येतो. मी मेच्या शेवटी चार सिझन मागं जाऊन सुरू केलं, कुणी घाई केली नाही. चार बुटके खाणीत उतरतात, खोदतात, बाहेर येऊन बिअर पितात, बस्स. आणि गंमत म्हणजे घाई नसल्यामुळेच मी हा जास्त खेळलो.

हेलडायव्हर्स २ चे वॉरबाँड, म्हणजे तिथले पास, पैशाचे आहेत, बहुतेक १००० सुपर क्रेडिटचे (हे त्या गेमचं चलन), पण मुदत नाही. शिवाय ती क्रेडिट्स मोहिमेत हिंडताना सापडतात, म्हणजे चिकाटी असेल तर पैसे न भरताही वॉरबाँड मिळतो. मित्राने तसं एक मिळवलं. त्यासाठी सोप्या पातळीवर तेच तेच डबे उघडत बसलेला बघून मी म्हटलं, अरे यापेक्षा पैसे भर. हेलो इन्फिनिटनेही २०२१ पासून मुदत नसलेले पास ठेवलेत. तेव्हा लोकांना वाटलं, आता सगळे असंच करतील. केलं नाही. अ‍ॅपेक्स लेजंड्सने जुलै २०२४ मध्ये उलट दिशेला पाऊल टाकलं: एका सिझनचे दोन पास आणि दोन्ही खऱ्या पैशातच, साठवलेल्या कॉइनवर नाही. खेळणारे इतके खवळले की महिन्याच्या आत कॉइनची सोय परत आणावी लागली. दोन पास मात्र राहिले.

पावसाळ्याचं राहिलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की आमच्याकडे फोनची बॅटरी गेमसाठी नसते. दर तासाला किती फूट झालं, कोयनेतून किती सोडलं, एवढंच. वीज जाते, नेट लटकतं, कुणाचं तरी सामान वरच्या मजल्यावर चढवायचं असतं. पासचं घड्याळ तेव्हाही चालूच. बाहेर कुठल्या शहरात बसून सिझनची तारीख ठरवणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही, पण म्हणूनच मुदत नसलेला पास हा माझ्या लेखी चैनीचा मुद्दा नाही.

एक बारीकशी सोय मात्र आपल्या बाजूची आहे. ज्या गेमचा दिवस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे बदलतो तिथं नवा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उगवतो. रात्री बारा वाजून गेले तरी 'आजचं' काम 'आजच' धरलं जातं. उशिरा घरी येणाऱ्याला याचा उपयोग होतो, आणि ताईच्या मते हेच पोरांचं वाटोळं करतं.

पैसे भरताना दोन गोष्टी. फोनवर यूपीआय जोडून ठेवला असेल तर खरेदीला प्रत्येक वेळी पासवर्ड मागण्याचं सेटिंग चालू करा. बटणांची मांडणीच अशी असते की चुकून दाब बसावा. अशाच कारणावरून डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सकडून ग्राहकांना परत द्यायला २४.५ कोटी डॉलर कबूल करून घेतले होते. दुसरं, सिझन कधी संपतो ती तारीख पासच्या पानावर बारीक अक्षरात असते. ती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायची, दोन दिवस आधीचा गजर लावून.

सध्या डेस्कटॉपवर डीप रॉकच चालू आहे. व्हॅलोरंटचा हा अ‍ॅक्ट संपताना चाळीसच्या पुढं असलो तर घेईन, नाहीतर नाही. मार्व्हल रायव्हल्समध्ये एकदा घेतलेला पास मुदत संपून जात नाही, सिझन बदलला तरी पूर्ण करता येतो, म्हणून तो बघायचाय. पण माझ्या कार्डावर तो धड चालत नाही, आणि नवीन कार्डाचं हळदीचा सिझन संपल्याशिवाय काढायचं नाही असं घरात ठरलंय.