गर्प्सच्या नियमांवर सतराव्या शतकातली बेळगावची मुलूखगिरी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या शहापुरातला गट टेबलाभोवती बसून भूमिका-खेळ खेळतो: प्रत्येकाने एक पात्र रंगवायचे आणि फासे टाकून गोष्ट पुढे न्यायची. गेल्या पावसाळ्यात आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची पाचवी आवृत्ती बाजूला ठेवली आणि गर्प्स या दुसऱ्या नियमसंचाच्या चौथ्या आवृत्तीवर नवी मोहीम सुरू केली. काळ 1674 ते 1678, मुलूख नेसरीपासून खानापूरच्या घाटापर्यंत आणि पूर्वेला बेलवडीपर्यंतचा. खेळाडूंची पात्रे बारगीर, शिलेदार, एक वैद्य आणि एक गोंधळी अशी साधी माणसे आहेत, आणि जोडीला वेताळ, ब्रह्मराक्षस ही आपल्याच गावशिवेवरची अद्भुत मंडळी आहेत. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियम लावणारा, मीच असल्यामुळे नियमांची सगळी झटापट माझ्या वाट्याला आली, त्या अनुभवातून हे लिहीत आहे.

जुन्या खेळात आम्हाला काय खटकत होते ते आधी सांगतो. तिथे पाचव्या लेव्हलच्या लढवय्याकडे सहज 40 च्या आसपास हिट पॉइंट (पात्र किती मार सोसेल तो आकडा) असतात आणि लांब तलवारीचा वार आठ बाजूंच्या एका फाशाने मोजला जातो, त्यामुळे पात्राला चार-पाच वार लागले तरी खेळाडू चहाचा कप खाली ठेवत नाही. रात्रभर विश्रांती घेतली की सगळे हिट पॉइंट परत मिळतात. चिलखतामुळे शत्रूचा नेम चुकण्याची शक्यता वाढते, पण लागलेला वार चिलखताने किती सोसला याचा हिशेब नसतो. तो खेळ मुळात पराक्रमाच्या कथांसाठी बांधलेला असल्याने याला दोष म्हणता येणार नाही. आम्हाला मात्र वेगळे काही हवे होते.

गर्प्समध्ये सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी यावी लागते. लढाईतला प्रत्येक टर्न एका सेकंदाचा असतो. वाराचे फासे जुळले तरी समोरच्याला तो चुकवण्याचा, शस्त्राने अडवण्याचा किंवा ढालीवर घेण्याचा स्वतंत्र हक्क आहे, आणि माझ्या मते या नियमसंचाचा खरा जीव या बचावाच्या हक्कातच आहे. पूर्ण जोर लावून हल्ला करायचा ठरवले, तर त्या सेकंदापुरता बचाव गमवावा लागतो. जुन्या सवयीने आमच्या एका तरुण शिलेदाराने पहिल्याच चकमकीत तसा हल्ला केला, त्याचा वार हुकला, आणि पुढच्याच क्षणी विजापुरी भालाईताने त्याला उघडा गाठला. शेजारचा खेळाडू ओरडला, "आता काय करूलास, माघारी ये की!" पण माघार घेणे हासुद्धा बचावाचाच भाग असल्याने तो दरवाजा त्या सेकंदापुरता बंद झालेला होता. त्यानंतर टेबलावरची सगळी भाषाच बदलली. वार कसा करायचा यापेक्षा कुठे उभे राहायचे, पाठीशी कोण आहे, खिंडीचे तोंड किती अरुंद आहे, याची चर्चा होऊ लागली.

जखमांचा हिशेब एका उदाहरणाने दाखवतो. बऱ्यापैकी ताकदीच्या माणसाच्या तलवारीचा वार सातचा, म्हणजे सात पॉइंट इजेचा, पडला आणि समोरच्याच्या अंगात लोखंडी कड्यांचे चिलखत असेल, तर त्यातले चार चिलखत सोसते. उरलेले तीन धारेच्या वारासाठी दीडपट होतात आणि अपूर्णांक सोडून चार हिट पॉइंट जातात. सामान्य माणसाकडे असतात दहा. पुढच्या सेकंदाला त्या वेदनेमुळे त्याचा स्वतःचा वार चार आकड्यांनी कच्चा होतो. हाच वार नुसत्या अंगरख्यावर बसला, तर सातचे दहा होतात, माणूस शून्यावर येतो आणि पुढे शुद्ध टिकते का ते दर सेकंदाला फासे ठरवतात. गदेचा मार मात्र तेच चिलखत चारऐवजी दोनच सोसते, म्हणून चिलखती स्वारापुढे आमच्या पात्रांनी तलवार म्यान करून गदा उचलायला सुरुवात केली, आणि हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली जिरेटोप घालून 10 नोव्हेंबर 1659 रोजी महाराज प्रतापगडाच्या पायथ्याशी भेटीला का गेले, हे चौथीच्या पुस्तकापासून आम्हाला पाठ आहे. त्या लोखंडाची किंमत आकड्यांत पाहिली तेव्हा ते वेगळ्याच प्रकारे उमगले.

तोडेदार, म्हणजे जळत्या वातीने (तोड्याने) बार उडवणाऱ्या, बंदुकीच्या बाबतीतही नियमांनी असेच काम केले. बार पुन्हा भरायला जवळपास एक मिनिट, म्हणजे साठ टर्न लागतात. आमची बहुतेक लढाई दहा-बारा सेकंदांतच निकालात निघते, तेव्हा एक बार काढायचा आणि बंदूक टाकून तलवारीला हात घालायचा, एवढेच शक्य होते. त्यात जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस लागला की तोडा विझणार हे ओघानेच आले. त्यासाठी मी घरचा नियम केला: उघड्यावर पाऊस असेल तर बंदूकवाल्याने आधी तोडा जिवंत आहे का याचा फासा टाकायचा. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघण्याची रीत यामुळे खेळातही आपोआप आली, कारण आषाढात कूच करायला एकही खेळाडू तयार होईना.

दांडपट्ट्यासाठी आम्हाला बरेच खपावे लागले. मूळ नियमांत युरोपी शस्त्रांचा भरणा अधिक आहे आणि पट्टा हे शस्त्र तलवारीच्या चौकटीत नीट बसत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ करणाऱ्या मंडळींचे हात मी नेमके पाहिले आहेत. मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत जात असल्याने मनगट जवळजवळ बांधले जाते, आणि वार खांद्यातून व कमरेतून निघतो. म्हणून आम्ही पट्ट्याला लांब तलवारीचेच आकडे दिले, त्या हातावर चिलखताचे संरक्षण धरले, फासे कितीही वाईट पडले तरी पट्टा हातातून निसटणार नाही असे ठरवले. पण त्या हाताने लगाम धरणे, दोर पकडणे किंवा पडलेल्या मित्राला उचलणे बंद केले, आणि पट्टा चढवायला काही सेकंद द्यायला लावले. अचानक छापा पडला की पट्टेकरी त्या सेकंदांत जे काही बोलतो ते इथे छापण्यासारखे नसते.

मोजमापाचा त्रास मात्र आहे. पुस्तकात सगळे पौंड आणि यार्ड. एक यार्ड म्हणजे दोन हात हा हिशेब सोपा जमला, वजनाला आम्ही सरळ किलो धरले. बेळगावच्या किल्ल्याचा नकाशा करताना खंदकाच्या कडेने चालत जाऊन अंतरे पावलांनी मोजली. 1472-73 मध्ये महमूद गवान वजीर असताना बहमनी फौजेने हा किल्ला घेतला आणि त्या वेढ्यात दारूचे सुरुंग वापरले गेले, हे ठाऊक असल्यामुळे खेळातल्या वेढ्यात भिंतीला शिड्या लावण्याऐवजी खोदाईचीच भाषा सुरू झाली.

इतिहास कुठवर आणायचा याचा एक नियम आम्ही पहिल्या बैठकीतच केला, आणि आमच्या भागात तो अत्यावश्यक आहे. थोर व्यक्ती पात्र म्हणून कोणी घ्यायच्या नाहीत आणि घडलेल्या घटनांचा निकाल फाशांवर ठेवायचा नाही. 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडीत पडले, ते पडणारच. आमची पात्रे त्या बातमीनंतर विस्कटलेल्या फौजेतली माणसे आहेत. बेलवडीच्या प्रसंगात तर हा नियम फारच उपयोगी पडला. 1678 मध्ये देसाईण मल्लम्मा, जिला मराठी साधनांत सावित्री म्हटले आहे, तिने सखुजी गायकवाडांच्या तुकडीला गढीवर जवळपास महिनाभर झुंजवले, आणि भांडणाचे मूळ रसदेच्या बैलांत होते असे सांगतात. आमच्या गटात एक खेळाडू बैलहोंगलकडचा, घरी कन्नड बोलणारा आहे. त्याने मल्लम्माच्या बाजूचा निरोप्या रंगवला, बाकीचे बाहेर वेढ्यात होते, आणि त्या सत्रात एकाही पात्राने तलवार काढली नाही. संध्याकाळभर बैलांवरून वाटाघाटी चालल्या, आणि मोहिमेतले ते सर्वांत ताणलेले सत्र ठरले.

आता वेताळाबद्दल. वास्तवाचे इतके ओझे घातल्यावर अद्भुताचा रंग उडेल, अशी मला शंका होती. घडले नेमके उलट. खानापूरच्या रानात एका रात्री पात्रांनी वेताळाच्या चौथऱ्यापाशी त्याच्या गणातल्या एकावर वार केला. वार पूर्ण बसला, तरी त्याला वेदनेचा कच्चेपणा आला नाही आणि पुढच्या सेकंदाला तो तसाच चालत आला. नियमात हा गुण वेदना न जाणवण्याचा साधा गुण म्हणून दिलेला आहे, पात्र बनवताना त्यासाठी थोडेच पॉइंट मोजावे लागतात. परंतु इतके महिने प्रत्येक जखमेनंतर माणसे कोलमडताना पाहिलेल्या खेळाडूंना तेवढ्या एका गोष्टीने घाम फोडला. भीतीचा फासा टाकण्याआधीच दोघे पळत सुटले होते. बरे करणारे मंत्र मी आधीच काढून टाकले आहेत. जखम दिवसाला फार तर एक पॉइंट भरते, त्यामुळे वैद्याचे पात्र गटात सगळ्यांत मानाचे झाले आहे.

तोटे सांगायलाच हवेत. पाच खेळाडू आणि आठ शत्रू असतील, तर दहा सेकंदांच्या चकमकीला तास-दीड तास सहज लागतो. पात्र बनवायला एक अख्खी बैठक जाते, कारण गुण विकत घेण्याच्या याद्या लांबलचक आहेत आणि नवख्या माणसाला त्यात दिशाच सापडत नाही. घोडेस्वारांची लढाई एक-एक सेकंदाने चालवणे तर मला आजही जड जाते; घोड्याचा वेग, वळण, भाल्याचा आवाका हे सगळे एकदम सांभाळताना टेबल शांत होऊन कागद चाळत बसते. बारगीर आणि शिलेदारांच्या मोहिमेत ही अडचण लहान नाही. सध्या मी घोडदौड एकाच फाशात उरकतो आणि पात्रे घोड्यावरून उतरली की मगच सेकंद मोजायला लागतो.

ज्यांना आधी चाखून पाहायचे आहे, त्यांनी गर्प्स लाइट ही 32 पानांची पीडीएफ घ्यावी, ती फुकट मिळते. वर लिहिलेल्या बचावाचा आणि चिलखताचा गाभा तिच्यात आहे, आणि फासे घरातल्या लुडोचे चालतात. शरीराच्या कोणत्या भागावर वार बसला याचे सविस्तर नियम मात्र मोठ्या पुस्तकांतच आहेत, आणि दांडपट्टा आणायचा असेल तर त्यांच्याशिवाय भागणार नाही.