ड्राफ्ट गाइडचं सबस्क्रिप्शन: डिफेन्समनसाठी घ्या, रँकिंगसाठी नको

ठाण्यात बसून आइस हॉकीचं पेड ड्राफ्ट गाइड कोण घेतं असं विचारणारे घरातच आहेत त्यामुळे बाकीच्यांनी विचारू नये. आमची कॉलेजच्या मित्रांची फँटसी लीग आहे, अर्धी गँग कॅनडात ब्रॅम्प्टन-मिसिसागाला, आणि ती कीपर लीग आहे म्हणजे एकदा घेतलेला पोरगा वर्षानुवर्षं तुमच्याच गळ्यात, म्हणून एनएचएल ड्राफ्टच्या आधी (एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडाची मोठी हॉकी लीग, ड्राफ्टमध्ये तिच्या टीम्स पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात) सतरा-अठरा वर्षांच्या पोरांबद्दल वाचावं लागतं. फॉरवर्डचं त्यातल्या त्यात बरं असतं, गोल-असिस्ट बघून निदान अंदाज तरी येतो. डिफेन्समनला, म्हणजे बचावातल्या प्लेयरला, नुसते पॉइंट्स (गोल अधिक असिस्ट) बघून घेतलात की बोंबला. म्हणून २०२५ च्या ड्राफ्टआधी हे सबस्क्रिप्शन घेतलं. सर्व्हिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही, खाली शिव्या पण आहेत.

मिळतं काय, तर एक जाडजूड पीडीएफ, प्रत्येक प्लेयरचा रिपोर्ट, आणि रिपोर्टखाली व्हिडिओ क्लिप्स. पीडीएफ ठीक. पैसे वसूल होतात ते क्लिप्समध्ये.

एक उदाहरण देतो. दुसऱ्या राउंडच्या आसपास लावलेला एक राइट शॉट (उजव्या बाजूने स्टिक धरणारा) डिफेन्समन पोरगा होता, नाव राहू दे. रिपोर्टमध्ये एकच ओळ, की दमला की मागे बघणं बंद करतो. खाली एकाच मॅचच्या दोन क्लिप्स. पहिल्या पिरियडमध्ये पक (हॉकीची रबरी चकती) मागच्या कोपऱ्यात टाकलाय, हा तो घ्यायला जाताना आधी डाव्या खांद्यावरून बघतो, पकच्या जवळ पोचताना परत उजवीकडून, मग अंगावर येणाऱ्याला एका बाजूला जायची झुकांडी दाखवून नेटमागून निघून जातो आणि सरळ पास. तिसऱ्या पिरियडमध्ये डिट्टो तीच सिच्युएशन, पण आता मान हलत नाही, पक मिळाला की काचेवर आपटून आपल्या झोनबाहेर भिरकावला, म्हणजे परत समोरच्यांचा ताबा. स्टॅट्समध्ये ह्याचं काहीच दिसणार नाही, गोल पण पडला नाही त्यावर. पण वरच्या लेव्हलला अंगावर येणारे दुप्पट फास्ट असतात, तिथे हेच महागात पडतं. मी ह्याला लिस्टमधून काढला.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे गॅपबद्दल, म्हणजे अंगावर येणाऱ्यापासून डिफेन्समन किती अंतर ठेवतो त्याबद्दल, ते व्यवस्थित लिहितात. ज्यांनी हॉकी बघितलेली नाही त्यांच्यासाठी, कबड्डीतला कॉर्नर कसा रेडरपासून नेमकं अंतर ठेवून मागे मागे सरकतो, फार जवळ गेला तर टच, फार लांब राहिला तर बोनस फुकट, तसंच इथे उलटं स्केटिंग करत करायचं. बरेच पोरं घाबरून आधीच मागे जातात आणि ब्लू लाइन (जिथून आपला बचावाचा भाग सुरू होतो ती रेघ) फुकटात देऊन टाकतात. स्वीडन-फिनलंडच्या पोरांच्या रिपोर्टमध्ये रिंकच्या साइझची वेगळी नोंद असते हे मला फार आवडलं, कारण एनएचएलचं बर्फ २०० बाय ८५ फूट म्हणजे रुंदीला जेमतेम २६ मीटर, आणि युरोपात जुनं माप ३० मीटर. मोठ्या बर्फावर ज्याला विचार करायला वेळ मिळतो त्याला एनएचएलमध्ये मिळेलच असं नाही.

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच डिफेन्समन, मॅथ्यू शेफर. आमच्या लीगमधला एकजण चॅटवर, "अरे १७ मॅच खेळलाय फक्त, कशावर घेतोयस?" बरोबर होतं त्याचं, एरी ऑटर्स ह्या ज्युनियर टीमकडून त्या सीझनला १७ च मॅच, त्यात २२ पॉइंट्स, आधी मोनो (खूप थकवा आणणारं इन्फेक्शन) झाला, मग डिसेंबरमध्ये ओटावाला वर्ल्ड ज्युनियर्समध्ये (ज्युनियर वर्ल्ड कपसारखी स्पर्धा) लाटवियाविरुद्ध कॉलरबोन मोडलं आणि सीझन खलास. गाइडने त्याचं स्केटिंग आणि वय ह्या दोन गोष्टींवर जोर दिला होता आणि वयाचा मुद्दा खरंच भारी आहे. जन्म ५ सप्टेंबर २००७. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात, म्हणजे दोन आठवडे उशिरा जन्मला असता तर २०२६ च्या बॅचला गेला असता. आपल्या बॅचच्या काही पोरांपेक्षा जवळजवळ वर्षभर लहान असून तो तसा खेळत होता. न्यूयॉर्क आयलंडर्सनी पहिल्याच नंबरला उचलला आणि लगेच २०२५-२६ पासून थेट एनएचएलमध्ये उतरवला, डिफेन्समनच्या बाबतीत हे रोज होत नाही.

आता शिव्या. एक तर ग्रेड. प्रत्येकाला दशांशात ग्रेड देतात, जणू काही वजनकाट्यावर तोललाय. अठरा वर्षांच्या डिफेन्समनला इतकं बारीक मोजता येतं हे मला मान्यच नाही, खुद्द टीम्सना जमत नाही. निकलस लिडस्ट्रॉम १९८९ ला ५३ वा गेला, पुढे सात नॉरिस ट्रॉफ्या (वर्षाच्या सर्वोत्तम डिफेन्समनला मिळते ती). अ‍ॅडम फॉक्स २०१६ ला ६६ वा. लेन हटसन २०२२ मध्ये ६२ वा, उंची कमी म्हणून सगळे नाक मुरडत होते, २०२४-२५ ला ६६ पॉइंट्स मारून काल्डर, म्हणजे सर्वोत्तम नवख्याची ट्रॉफी, घेऊन गेला. एवढं सगळं समोर असताना ३८ वा पोरगा ४१ व्यापेक्षा बरा हे कशावरून सांगता बाबांनो?

आणि ती "अमक्यासारखा खेळतो" वाली तुलना. जरा उलटं-सुलटं स्केटिंग आलं की लगेच केल मकार, म्हणजे एनएचएलमधला स्टार डिफेन्समन. मकार ब्रुक्सहून, कॅनडातल्या अल्बर्टाच्या ज्युनियर लीगमधून येऊन २०१७ ला चौथा गेला होता, त्यानंतर दर वर्षी ह्यांना दोन-तीन नवीन मकार सापडतात. तो कॉलम मी वाचतच नाही.

बाकी किरकोळ वैताग: पैसे डॉलरमध्येच, यूपीआय नाही, कार्डावर बँक वरून चार्ज लावते तो वेगळा. क्लिप्स मोबाइलवर फिरत राहतात, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये बघायचा विचार असेल तर सोडून द्या, घरच्या वायफायवर लॅपटॉपला बघा. ड्राफ्टच्या लाइव्ह चॅटची वेळ ते ईस्टर्नमध्ये (न्यूयॉर्क-टोरंटोची वेळ) टाकतात, संध्याकाळचे ७ म्हणजे आपले पहाटे साडेचार. २०२५ ला टीम्स आपापल्या ऑफिसात आणि पोरं लॉस एंजेलिसला असा प्रकार होता त्यामुळे पहिला राउंडच संपता संपत नव्हता, पण त्यात गाइडवाल्यांचा दोष नाही, चॅट त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवलं आणि डिफेन्समनवरच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली.

महिन्याचा प्लॅन पुरतो, मे-जूनमध्ये घ्या, वर्षाचा घेऊ नका. ऑटो रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करा, ते बटण अकाउंट सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली बिलिंगच्या आत लपवलंय.