चिया सीड्स आणि माझी शुगर: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना एवढ्यावरच उठता येईल. चियाने माझी शुगर थोडी सावरली, पण त्यात चियाच्या स्वतःच्या गुणापेक्षा त्याने ताटातून कशाकशाला हुसकावलं याचा वाटा मोठा. गोळ्या होत्या तेवढ्याच आहेत. पोट सुधारलं, संध्याकाळची भूक आवरली. आणि पैशांचा हिशेब घातला तर यातलं बरंचसं काम जवस करतो, जो आमच्या अकोल्यात कुठल्याही किराणा दुकानात मिळतो.

आता सविस्तर. वय साठीच्या आतबाहेर, टाइप २ मधुमेह दहा-बारा वर्षांपासून. शुगरच्या गोळ्या अशा: मेटफॉर्मिन दोन वेळा, सकाळी जोडीला ग्लिमेपिराइड. चिया सुरू केला तेव्हा एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ७.९ टक्के होतं. उपाशीपोटीची शुगर तशी ताब्यात असायची, खरा घोळ नाश्त्यानंतरचा. पोहे नाहीतर उपमा, मध्येच कुणी शेगावहून येताना कचोरी आणायचं. दोन तासांनी मोजली की २१०-२२० ठरलेलं. मुलीने पुण्याहून चियाचं पाकीट पाठवलं आणि रोज फोनवर विचारायला लागली, "बाबा, सुरू केलं का?" डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "खा की. फक्त गोळ्यांना हात लावू नका आणि पाणी भरपूर प्या." एवढंच. मला वाटलं होतं, एकतर हसतील नाहीतर कौतुक करतील.

पाकिटामागचा तक्ता वाचून मधुमेही माणूस पहिल्यांदा दचकतो. १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं ४२ ग्रॅम! पण त्यातले ३४ ग्रॅम तंतू, म्हणजे ज्याची साखर होत नाही असा भाग. उरले आठ. प्रथिनं १६-१७ ग्रॅम, स्निग्धांश ३१ च्या आसपास आणि कॅलरी ४८६. हा शेवटचा आकडा रील्सवाले कधी सांगत नाहीत. एक टेबलस्पून भरून चिया म्हणजे साधारण १२ ग्रॅम, त्यात तंतू ४ ग्रॅम आणि कॅलरी साठाच्या घरात. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन दर हजार कॅलरींमागे १४ ग्रॅम तंतू खायला सांगते. माझ्यासारख्या १७००-१८०० कॅलरींवाल्याला ते २५ ग्रॅम पडतात. त्यातला सहावा हिस्सा एका चमच्यात येतो. हे काही कमी नाही, पण बाकीचे पाच हिस्से भाजी, डाळ, उसळ आणि भाकरीतूनच यायचे आहेत.

चिया काम कसं करतो ते समजून घेतल्यावर मी घ्यायची वेळ बदलली. दाणा पाण्यात पडला की त्याच्याभोवती बुळबुळीत थर धरतो आणि तो स्वतःच्या वजनाच्या दहापट पाणी सहज पितो. हा लगदा जेवणासोबत पोटात असला की अन्न जठरातून हळूहळू पुढे सरकतं, आणि साखर रक्तात एकदम न घुसता थोडी थोडी उतरते. म्हणजे हे काम जेवणाच्या जोडीनेच होणार. पहाटे उपाशीपोटी चियाचं पाणी प्यायचं आणि तीन तासांनी पोहे खायचे, यात शुगरच्या दृष्टीने मला तरी फारसा अर्थ दिसला नाही. पोट साफ व्हायला त्याचा उपयोग होत असेल. ज्या खाण्याने शुगर चढते त्याच्यासोबत किंवा जरा आधी चिया घ्यायचा, असं मी ठरवलं.

मग मोजायला बसलो. तोच वाटीभर पोह्यांचा नाश्ता, तीच वेळ, आधी फिरणं नाही. काही सकाळी नुसते पोहे, काही सकाळी पोह्यांच्या दहा मिनिटं आधी वाटीभर ताकात भिजवलेला एक चमचा चिया. दोन तासांनी ग्लुकोमीटर. नुसत्या पोह्यांना २०० ते २२०, चियासोबत १८५ ते २००. आकडा बहुतेक वेळा खालीच यायचा, पण खूप नाही. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. घरच्या ग्लुकोमीटरच्या मान्य प्रमाणातच प्रयोगशाळेच्या तुलनेत १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे खरी शुगर २०० असेल तर यंत्राने १७० दाखवलं काय, २३० दाखवलं काय, यंत्र पास. तेव्हा एका सकाळी १२ पॉइंट कमी दिसले म्हणून "चियाने शुगर उतरली" असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांना नमस्कार. शिवाय त्या आकड्यात ताकाचा वाटा किती आणि चियाचा किती, हेही मी वेगळं काढलेलं नाही.

सगळ्यात मोठा फरक पडला तो तिसऱ्या प्रकारात. पोहे अर्धी वाटी, उरलेल्या जागी मोडाची मटकी आणि मूठभर शेंगदाणे, आणि आधी ताक-चिया. आकडा १६० च्या आसपास आला आणि टिकला. यात चियाचं योगदान असं की अर्धी वाटी पोह्यांवर माझं भागलं. एरवी अर्धी वाटी वाढली तर मी बायकोकडे बघायचो, ती दुसरीकडे बघायची आणि कढई रिकामी व्हायची. ताक-चिया पोटात असला की हात आपोआप थांबतो.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही, संशोधनाचा कलही तिकडेच दिसतो. कॅनडात टोरांटोला टाइप २ च्या रुग्णांवर दोन अभ्यास झाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला अगदी छोटा, २० जणांचा, १२ आठवड्यांचा. रोज सरासरी ३७ ग्रॅम चिया. त्यात ठळक दिसलं ते रक्तदाबाचा वरचा आकडा सहाएक अंकांनी उतरणं. दुसरा २०१७ चा, वजन जास्त असलेल्या ७७ जणांचा, सहा महिन्यांचा. त्यात चिया खाणाऱ्यांचं वजन सरासरी १.९ किलो उतरलं, दुसऱ्या गटाचं ०.३ किलो. कंबरही कमी झाली. यात गाजण्यासारखी गोष्ट वजनाची होती, शुगरची नव्हे. आणि ३७ ग्रॅम म्हणजे रोज तीन चमचे, १८० कॅलरी. त्या कुठून तरी कमी करायच्या, नाहीतर वजन उलट्या दिशेने जाईल.

आता खाण्याचे प्रकार. चियाला स्वतःची चव नाही, त्यामुळे तो कशातही खपतो. ताकात जिरेपूड, सैंधव, कोथिंबीर घालून वीस-पंचवीस मिनिटं भिजवलेला सर्वात छान. काकडीच्या कोशिंबिरीत दह्यासोबत दुसरा नंबर, पण कोशिंबीर लगेच खायची, ठेवली की घट्ट होऊन बसते. साखर न घातलेल्या लिंबूपाण्यात उन्हाळ्यात चांगला लागतो. भाकरीच्या पिठात मिसळून पाहिला, ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरते ती थोडी कमी चिरली, पण हिच्या मते हाताला चिकटतं, म्हणून तो प्रयोग स्वयंपाकघरातूनच बाद. थालीपिठात मात्र जमून गेला. चिया पुडिंग नावाचा जो प्रकार फोटोत सुंदर दिसतो त्यात दूध, केळं, आंबा, खजूर आणि वरून मध असतो. मधुमेह्याने ते खाऊन नंतर चियाला दोष देऊ नये. उपवासाला चिया चालतो का, यावर आमच्याकडे आषाढीला बरीच चर्चा झाली. आईचं म्हणणं, सब्जा चालतो तर हा का नाही, दोघांचं कूळ तुळशीचंच आहे. कुळाचं आईचं बरोबर आहे, चिया तुळस-सब्ज्याच्याच कुळातला, फक्त मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा. शेवटी भगरीसोबत चिया घातलेलं दही खाल्लं. साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा शुगरला ते कितीतरी बरं गेलं.

सब्जा आणि चिया यांची दुकानात सर्रास गल्लत होते. सब्जा एकसारखा काळा असतो, पाण्यात टाकल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत फुगतो. चिया करडा, पांढरा, तपकिरी असा ठिपकेदार, गुळगुळीत, आणि फुगायला वेळ घेतो. पुडीत सगळे दाणे एकाच काळ्या रंगाचे असतील तर तो चिया नव्हे.

त्रास काय झाला तेही सांगतो. पहिले काही दिवस पोट फुगलं, वायू. मग अर्ध्या चमच्यावर आलो, दोन आठवड्यांनी एकावर गेलो, तेव्हा बसलं. पाणी कमी पडलं की उलट बद्धकोष्ठ होतो, प्रवासात हमखास. ज्यांना कवळी आहे त्यांच्यासाठी खास सूचना: फुगलेला दाणासुद्धा कवळीखाली जाऊन बसतो आणि मग दिवसभर माणूस तोंड वाकडं करत हिंडतो. चिया खाल्ला की कवळी काढून खळखळून चूळ भरायची. आणि कोरडा चमचा तोंडात टाकून वरून पाणी पिणं अजिबात नको. अमेरिकेत ३९ वर्षांच्या एका माणसाने नेमकं तेच केलं आणि दाणे अन्ननलिकेत फुगून अडकले, दुर्बीण घालून काढावे लागले. २०१४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ही केस परिषदेत मांडली होती. गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तर चिया न दिलेला बरा.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. चिया पिऊन पोट भरल्यासारखं वाटतं, जेवण कमी जातं, पण गोळी तर पूर्ण घेतलेली असते, म्हणून शुगर नको तेवढी खाली जाऊ शकते. मला एकदा अकराच्या सुमारास हातपाय थरथरून घाम फुटला, मोजली तर ६८. साखर खाऊन सावरलं. त्यानंतर नाश्त्याचं प्रमाण कमी करायचं तर डॉक्टरांना विचारून, असा नियम केला. बायकोला थायरॉइडची गोळी आहे, ती सकाळी उपाशीपोटी घेते. तंतूंमुळे ती गोळी कमी शोषली जाते, म्हणून तिने तरी चिया सकाळी न घेता दुपारच्या जेवणात घ्यायचं ठरवलं. किडनीचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये, चियात फॉस्फरस भरपूर असतो.

आता भाव आणि जवसाचा मुद्दा. मॉलमधलं छोटं रंगीत पाकीट आणि सुटा चिया यांच्या दरात मी दुपटीचा फरक पाहिला, माल तोच. आमच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत रब्बीत चियाची लागवड वाढली आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून हरभऱ्याला कंटाळलेले शेतकरी तिकडे वळले. माल मध्य प्रदेशात नीमचच्या बाजारालाही जातो. मेहुण्यानेही लावला होता, त्याच्याकडून थेट पोतडीभर आणला. स्वस्त पडला, पण शेतातला चिया साफ करणं हे एक काम आहे. धुता येत नाही, पाणी लागलं की लगदा. बारीक चाळणीने माती काढायची, मग सुपात हलक्या हाताने पाखडायचा, जोरात पाखडला तर चियाच उडून जातो. खडे डोळ्यांनी निवडायचे. एवढा वेळ नसेल तर साफ केलेला पाकिटातला घ्यावा.

जवसात १०० ग्रॅममागे तंतू २७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चियापेक्षा थोडे कमी. आणि वनस्पतीतून मिळणारं ओमेगा-३, म्हणजे शरीराला लागणारा एक चांगला स्निग्धांश, चियापेक्षा जास्त. भाव चियाच्या निम्म्याहून कमी. विदर्भात जवसाची चटणी घरोघरी आहेच, त्यासाठी पुण्याहून पाकीट यायची गरज नाही. फरक एवढाच की जवस भाजून, कुटून खावा लागतो, अख्खा गिळला तर तसाच बाहेर जातो. चियाचा दाणा नुसता भिजवला तरी चालतो, ही त्याची सोय. तरी ओमेगा-३ अंगी लागावं म्हणून चियाही दळून घेतलेला बरा. मी आठवड्यापुरता दळून बरणी फ्रिजमध्ये ठेवतो. कोकणातल्यांनी बांगडा-तारली खावी, त्यांना ओमेगा-३ साठी या बियांमागे लागायचं काही कारण नाही.

रिपोर्टचं सांगायचं राहिलं. एचबीए१सी तीन महिन्यांनी ७.५, त्यापुढचं ७.३. वजन अडीच किलो कमी. पण याच काळात मी रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालायला लागलो, पोहे अर्धे केले आणि चहातली साखर बंद केली. यातलं किती चियाचं ते मला सांगता येणार नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याच्याकडून काही विकत घेऊ नये. गोळ्या कमी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "सात टक्क्यांच्या खाली टिकू द्या, मग बोलू."

सध्या पोहे, उपमा, इडली असेल त्या सकाळी एक चमचा चिया ताकात. ज्या दिवशी नाश्त्याला भाकरी-पिठलं किंवा मोड आलेली उसळ असेल त्या दिवशी चिया नाही, जेवणात जवसाची चटणी. मुलीचं पुढचं पाकीट आलं तर ते मेहुण्याच्या चियासोबत एकाच बरणीत जाईल. तिला अजून सांगितलेलं नाही.