वसईचा किल्ला की रेईस मागोस?

पोर्तुगीज किल्ला आणि त्याचं चर्च एकाच फेरीत नीट पाहायचं, पण सुट्टी एकच आहे, अशी अडचण असेल तर आपल्याकडून सोयीची दोन ठिकाणं आहेत : वसई आणि गोव्यातलं रेईस मागोस. माझं मत आधीच सांगून टाकतो. दगड वाचायची हौस असेल तर वसई. बरोबर आईवडील किंवा लहान मुलं असतील तर रेईस मागोस.

दोन्ही किल्ले सोळाव्या शतकातले. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. रेईस मागोसचा किल्ला १५५१ चा. त्या जागी आधी आदिलशाही चौकी होती. दोघांचं काम मात्र अगदी वेगळं, आणि बांधणीतला सगळा फरक तिथूनच येतो. पणजीच्या समोर, मांडवीच्या उत्तर तीरावर टेकडीवर बसलेला रेईस मागोस हा पहारेकरी आहे. किल्ला आटोपशीर, तोफा पाण्याकडे रोखलेल्या, आणि चर्च तटाबाहेर, उताराच्या पायथ्याशी. वसई म्हणजे तटाच्या आत वसवलेलं अख्खं शहर. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चाले. त्यामुळे इथे एका चर्चवर भागलं नाही. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा ख्रिस्ती साधूंच्या प्रत्येक संघाने आपापलं चर्च आणि मठ उभारला, शिवाय गावाचं मुख्य चर्च सेंट जोसेफचं. गंमत म्हणजे वसईच्या बुरुजांपैकी एकाचं नावही रेईस मागोसच, म्हणजे बाळ येशूच्या भेटीला आलेले तीन राजे.

वसईत सर्वांत आधी सेंट जोसेफच्या दारापाशी थांबा. दारावरच्या लेखात १६०१ साल आहे, आणि आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात हे चर्च नव्याने बांधलं, अशी नोंद आहे. आत शिरलात की वर छत नाही, नुसतं आभाळ. मला वसई प्रिय आहे ती यासाठीच. गिलावा गळून गेल्यामुळे कमान कशी पेलली आहे, घडीव दगड कुठे वापरलाय, भराव कुठे, सगळं उघडं दिसतं. बांधून पूर्ण झालेल्या, रंगवलेल्या चर्चमध्ये ते कधीच दिसत नाही. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायाखाली बघून चाला. तिथली फरशी म्हणजे थडग्यांचे दगड आहेत. काहींवर घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत, अक्षरं झिजली असली तरी सकाळच्या तिरप्या उन्हात बोटाने माग काढता येतो. त्या दगडांवर चपला घालून फोटोसाठी उड्या मारणारी मंडळी दिसली की जीव तुटतो.

जेझुइट चर्चचा दर्शनी भाग उभ्या पन्हाळी कोरलेल्या खांबांचा, डौलदार. हे चर्च आज गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखलं जातं आणि वापरात आहे. ते वसईतच जन्मलेले. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं गेलं आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

रेईस मागोसचं चर्च १५५५ चं, फ्रान्सिस्कनांनी बांधलेलं, बार्देश तालुक्यातलं पहिलं. नंतर त्याची पुन्हा बांधणी झाली. पायऱ्यांशी दगडी सिंह आहेत. चर्चच्या आधी तिथे असलेल्या देवळाची ती खूण मानतात. पायऱ्या चढून वर बघितलं की पोर्तुगीज राजचिन्ह, आणि आत वेदीवर भेटी घेऊन आलेले तीन राजे. आदिलशहाच्या १५७० च्या वेढ्यात गोवा राखणारा व्हाइसरॉय लुईश द अताईद याची थडग्याची शिळा इथेच आहे.

किल्ल्याचं बांधकाम जांभ्याचं. जांभा पावसात झिजतो, म्हणून त्याला गिलाव्याचं कवच लागतं. वसईचा काळा दगड मात्र इतका टणक की जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागासाठी तो मुद्दाम वसईहून नेला होता. रेईस मागोसचा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता, मग बराच पडला. वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांच्या देखरेखीखाली त्याची डागडुजी झाली आणि २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं आणि गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांवरचं दालनही आहे. काम जपून केलंय, पण सगळं इतकं नीटनेटकं झालंय की पडक्या भिंतीतून जे कळतं ते इथे कळत नाही.

१७३९ साली दोन्हीकडे लढाई पेटली होती. मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने सेबास्तियन बुरुजाला सुरुंग लावले, भगदाड पाडलं आणि अतोनात माणसं गमावून वसई घेतली. त्याच वर्षी सावंतवाडीच्या भोसल्यांनी जवळजवळ सगळा बार्देश काबीज केला, पण रेईस मागोस आणि आग्वाद हे किल्ले हाती आले नाहीत. वसईची चर्च ओस पडत गेली आणि रेईस मागोसचं टिकलं, याची सुरुवात मला इथे दिसते. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच, मेणवलीची आणि भीमाशंकरचीही.

वसईला तिकीट नाही. वसई रोड स्टेशनवरून बस किंवा रिक्षाने पोचता येतं. पण आत सावली, पाणी, माहितीचे फलक या सगळ्याची वानवा आहे, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. झाडीतून फिरताना बूट घाला, कमकुवत जिन्यांवर चढू नका. सगळं बघायला चार तास धरा. रेईस मागोसला दीड-दोन तास पुरतात. तारीख तुमच्या हातात असेल तर ६ जानेवारीच्या सुमारास जा : तीन राजांच्या सणाला तीन मुलगे राजांच्या वेशात, डोक्यावर मुकुट घालून मिरवणुकीने चर्चकडे येतात.