चिखलदऱ्याचा बंगला, नारळाची झाडं आणि आमच्या घरची वर्गणी

चिखलदरा असो, ताडोबा असो की पेंच, घरच्या सगळ्यांसाठी बंगला किंवा फार्महाउस फोनवरून ठरवत असाल, तर पहिला रुपया पाठवायच्या आधी तिथं एक माणूस पाठवा. स्वतः जाणं जमत नसेल तर ओळखीतला पाठवा. तोही नसेल तर जवळच्या गावातल्या एखाद्या गाडीवाल्याला तेलपाण्याचे पैसे देऊन पाठवा. आमच्या घरचे ४४ हजार रुपये गेले. ज्या पद्धतीनं गेले ती पद्धत आजही जोरात चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात, घर जुनं आणि ऐसपैस. पण सगळे जमले की पस्तीस-चाळीस माणूस होतं आणि तेवढ्यांची झोपायची, आंघोळीची सोय घरात होत नाही. काका पुण्याला, मोठी आत्या नागपूरला, एक चुलतभाऊ सुरतेला. भाऊबीज झाली की घरी पूजा करायची आणि मग सगळ्यांनी मिळून दोन रात्री चिखलदऱ्याला काढायच्या, असं ठरलं. गावात राहणाऱ्यांनाही ते सोयीचं होतं. कपाशीची वेचणी सुरू असते, मजूर एकदा हातचा गेला की आठ दिवस मिळत नाही, त्यामुळे लांब कुणालाच जाता येत नाही. चिखलदरा कसं, परतवाड्याहून घाट चढला की आलंच. दुपारी निरोप आला तरी संध्याकाळी माणूस शेतात हजर.

प्रत्येक घरानं वर्गणी काढली. पैसे पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याकडे जमा झाले. मुलगा हुशार, पैशाच्या बाबतीत चोख, आणि आजीसाठी काहीतरी चांगलं करायची त्याला मनापासून हौस.

त्याला मोबाईलवर एक पान दिसलं. सहा खोल्यांचा अख्खा बंगला, पुढं हिरवळ, लहानसा पोहण्याचा तलाव, रात्री शेकोटी, जेवणाला वऱ्हाडी आणि शाकाहारी अशी दोन्ही सोय. नकाशावर जागा दाखवलेली, खाली पाच-पाच चांदण्यांचे अभिप्राय. फोन लावला तर पलीकडचा माणूस मराठीत बोलला, अदबीनं, प्रत्येक वाक्याला ‘दादा’ लावून. आजींसाठी तळमजल्याची खोली ठेवतो, कमोड आहे, पायरी नाही, असं त्यानं न विचारता सांगितलं. पोरगा तिथंच निश्चिंत झाला. म्हाताऱ्या माणसाची काळजी घेणाऱ्यावर आपण लगेच विश्वास टाकतो. ही मंडळी रोज अशा कुटुंबांशी बोलतात, त्यामुळे कोणत्या घरात काय विचारलं जातं ते त्यांना पाठ असतं.

मग घाई सुरू झाली. दिवाळीच्या सुट्या आहेत, अकोल्याची एक पार्टी याच तारखांना मागते आहे, तासाभरात अर्धी रक्कम आली नाही तर मला त्यांना द्यावं लागेल. भाड्याचे एकूण ४८ हजार ठरले होते. भाच्यानं २४ हजार पाठवले. व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेलं बुकिंगचं पत्र आलं, त्यावर जीएसटी क्रमांकही होता.

पुढचा फोन अनामत रकमेचा. १० हजार, सामानाची मोडतोड झाली नाही तर निघताना परत. तेही गेले. त्यानंतर जे झालं ते नीट वाचा, कारण याच पायरीवर बहुतेकांचा दुसरा हप्ता जातो. तो म्हणाला, ‘दादा, रक्कम १०,००१ पाहिजे होती, एक रुपया कमी आला म्हणून सिस्टीम एंट्री घेत नाही. तुम्ही १०,००१ पुन्हा टाका, आधीचे १० हजार आपोआप परत येतील.’ आधी दिलेले पैसे अडकलेत असं वाटलं की माणूस ते सोडवायला आणखी देतो. भाच्यानं दिले. मग ‘परतावा’ म्हणून एक क्यूआर कोड आला. स्कॅन करा आणि पिन टाका. तिथं तो थांबला. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं उलट प्रश्न विचारला आणि फोन बंद झाला, पानावरूनही त्याला ब्लॉक केलं.

ही सगळी संध्याकाळची गोष्ट. घरात कुणाला ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळली नाही. मी शेतात होतो, तेव्हा त्याचा फोन आला. ‘मामा, एक सांगायचं आहे. आईला आत्ताच सांगू नका.’ आवाजावरूनच कळलं की पोरगा रात्रभर झोपलेला नाही. सगळ्या घराची वर्गणी, त्यात गावच्या धाकट्या काकांनी सोयाबीन विकून दिलेले पैसे. कुठल्या तोंडानं सांगायचं, हाच विचार तो करत बसला होता.

ही रात्र आम्हाला सगळ्यात महाग पडली. पैसे चोराच्या पहिल्या खात्यात थांबत नाहीत. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात, कुठंतरी एटीएममधून काढले जातात. केंद्र सरकारचा १९३० हा क्रमांक त्यासाठीच आहे. तिथं तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत पोचले तिला लगेच कळवलं जातं आणि त्या खात्यात जेवढे शिल्लक असतील तेवढे गोठवले जातात. तक्रार अर्ध्या तासात गेली तर सापडण्याची आशा बरी असते, रात्र उलटली की उरलंसुरलं हाती लागतं. आम्ही त्या दुपारी फोन केला. शेवटच्या १०,००१ पैकी काही रक्कम एका खात्यात सापडली आणि गोठवली गेली. बाकीचे पुढं निघून गेले होते.

म्हणून घरातल्या मोठ्यांना हात जोडून सांगतो. पोराच्या हातात सगळ्यांचे पैसे दिले असतील तर काही झालं तर आधी सांग, रागावणार कुणी नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. आमच्या मोठ्या आत्यानं त्या रात्री सगळ्यांना फोन करून बजावलं, ‘पैसे गेले ते गेले, लेकराले कोणी एक शब्द बोलाचा नाही.’ कुणी बोललंही नाही. पण हे शब्द आदल्या संध्याकाळी त्याच्या मनात असते, तर त्यानं फोन तेव्हाच केला असता.

१९३० ला फोन करताना काय हाताशी हवं तेही सांगतो, कारण त्या घाईत शोधाशोध होते. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम, आपल्या बँकेचं नाव, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि मोबाईल क्रमांक. व्हॉट्सॲपचं बोलणं पुसू नका. रागानं ब्लॉक करायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, पानाच्या पत्त्यासह. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी लागते. पोलीस ठाण्यात आम्हाला आधी सांगितलं, पैसे पुण्याहून गेले, पुण्यात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. शांतपणे हे कलम सांगितलं तेव्हा अर्ज घेतला गेला आणि पोचही मिळाली. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेकडून मात्र फार आशा ठेवू नका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लोक दाखवतात, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य म्हणून. ते आपल्या नकळत खात्यातून गेलेल्या पैशांसाठी आहे. आपणच पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात सहसा बसत नाहीत, आमच्या बँकेनंही हेच उत्तर दिलं.

आता त्या फोटोंबद्दल. तक्रार झाल्यावर मी परतवाड्याच्या एका गाडीवाल्याला ते दाखवले. रोज प्रवासी घेऊन घाट चढणारा माणूस. त्यानं मोबाईल हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, ‘भाऊ, हे आपल्या इकडचं नाही. चिखलदऱ्याले नारयाचे झाडं कोठी आहेत? अन् हा लाल दगड पाहा, आपला दगड काया रायते.’ खरंच, मागे तीन नारळ उभे होते आणि अंगणाचा कठडा तांबड्या जांभ्याच्या चिऱ्यांचा होता. कोकणातलं घर. आपल्या मेळघाटात काळा बेसाल्ट आणि सागाचं रान. मग फोटोवरून शोध घेतला तर मूळ घर सिंधुदुर्गातलं निघालं. त्या मालकाशी बोललो. बिचारा स्वतःच वैतागलेला, असे फसलेले लोक त्यालाही फोन करतात.

नकाशावरची खूणही तशीच. ती गावात नव्हतीच, व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात पडली होती, जिथं कुणाला बंगला बांधायची परवानगी मिळणं शक्य नाही. आमच्या गावातल्या कुणीही ती खूण पाहिली असती तर तिथंच ओळखली असती. पण पैसे पाठवणारा पुण्यात होता आणि घाट ओळखणारे गावात. घरच्या ग्रुपवर फोटो आले, सगळ्यांनी फुलं आणि हात जोडलेली चित्रं टाकली, प्रत्येकाला वाटलं चौकशी दुसऱ्यानं केलीच असेल. चोराला हीच जागा लागते. शहरातून गावाकडं येणारी कुटुंबं तो मुद्दाम निवडतो, कारण त्यांना जागेची ओढ असते आणि जागा पाहायला वेळ नसतो.

माणूस पाठवणं अगदीच अशक्य असेल तर निदान मालकाला व्हिडिओ कॉल करायला सांगा. फाटकापासून सुरुवात करून, थेट चालत, आत खोलीपर्यंत. नुसती खोली दाखवली तर उपयोग नाही, रस्त्यावरची शेजारची पाटीही दिसली पाहिजे. त्याला विचारा, देवी पॉइंट तिथून कुठल्या अंगाला आहे, भीमकुंडाला जायला रस्ता कुठून फुटतो. खरा मालक बोलता बोलता सांगतो, चोर म्हणतो लोकेशन पाठवतो. महावितरणचं वीजबिल मागा, त्यावर जागेचा पत्ता असतो. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो. आम्हाला दिलेला ०७ नं सुरू होणारा होता, म्हणजे दिल्लीचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव निघतं, पाच मिनिटांचं काम.

आणि पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव वाचा. २०२५ च्या जूनअखेरपासून यूपीआयवर समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, त्यानं स्वतः ठेवलेलं टोपणनाव नाही. आमच्या वेळी बंगल्याच्या मालकाचं नाव एक आणि पडद्यावरचं भलतंच. ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ असं त्याचं उत्तर तयार होतं. असं उत्तर आलं की बोलणं तिथंच संपवा. खऱ्या मालकाला स्वतःच्या खात्यात पैसे घ्यायला अडचण नसते.

आजीचा सोहळा झाला. दिवसभर घरीच, रात्री निम्मी मंडळी शेजाऱ्यांकडे झोपली. चिखलदऱ्याला आम्ही नंतर गेलो, आधी गाडीवाल्याला पाठवून खोल्या पाहून घेतल्या आणि पैसे तिथं पोचल्यावर दिले. गोठवलेली रक्कम सोडवण्यासाठी पोलिसांचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश लागेल असं आम्हाला तेव्हा सांगितलं होतं, त्याचा अर्ज भाच्यानं केला आहे.

सरकारच्या त्याच सायबरक्राइमच्या संकेतस्थळावर संशयित क्रमांक तपासायची सोय आहे. समोरच्याचा मोबाईल किंवा यूपीआय आयडी तिथं टाकून पाहा, कुणी आधी तक्रार केली असेल तर कळतं. आम्ही आमच्याकडचे सगळे क्रमांक दिले आहेत. ते पान आता बंद झालं, पण तेच फोटो परवा दुसऱ्या नावानं दिसले, या वेळी जागा ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळची सांगितली आहे. त्याचीही तक्रार केली. तीन नारळ आणि तांबड्या चिऱ्यांचा कठडा असलेला ताडोब्याचा बंगला कुणी दाखवला तर पैसे पाठवू नका, पानाचा पत्ता टिपून १९३० ला कळवा.