कॅरॅव्हॅनचे ऑनिंग: हवेचे की दांड्यांचे? एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे कारमागे जोडायचे चाकांवरचे घर, ओढत फिरणाऱ्या कुटुंबाचे ऑनिंगशिवाय फारसे भागत नाही. पाऊस लागला की चिखलाचे बूट, ओले कोट आणि घडीच्या खुर्च्या कॅरॅव्हॅनच्या आत आणता येत नाहीत, आणि पोह्यांना फोडणी दिली की तिचा वास आतल्या गाद्यांना दोन दिवस सोडत नाही. त्यामुळे दाराबाहेर जी कापडी पडवी उभारतात, तेच ऑनिंग. आमच्याकडे बरीच वर्षे पोलादी दांड्यांचे होते. या वसंत ऋतूत जवळपास त्याच रुंदीचे, म्हणजे ३९० सेंटिमीटरचे, हवेचे ऑनिंग घेतले; यात दांड्यांऐवजी हवा भरलेल्या नळ्या कापड उभे धरतात. जुने विकले नाही, त्यामुळे दोन्ही आलटून पालटून वापरता आली आणि तुलना आठवणीवर विसंबून करावी लागली नाही.

सर्वप्रथम उभारणीविषयी लिहितो, कारण जाहिरातींचा सगळा भर त्यावरच असतो. पाच-सात मिनिटांत ऑनिंग उभे राहते हे म्हणणे खरे आहे. मात्र ती वेळ केवळ हवा भरण्याची असते. त्याआधी कापडाच्या कडेला शिवलेली गोल किनार कॅरॅव्हॅनच्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या खाचेत ओवावी लागते, आणि हे काम दोन्ही प्रकारांत सारखेच आहे. एकाने पायरीवर उभे राहून कापड भरवायचे, दुसऱ्याने पुढून ओढायचे. त्यातही हवेचे ऑनिंग नळ्यांसकट ओवावे लागत असल्याने हाताला अधिक जड लागते. खाचेत आधी सिलिकॉनचा फवारा मारला तर किनार बरीच सहज सरकते. हवा भरून झाल्यावर खुंट्या ठोकणे, ताणपट्टे ओढणे आणि कॅरॅव्हॅनखालचा वारा अडवणारी पट्टी लावणे हे सर्व उरतेच. वाचतो तो वेळ दांडे जुळवण्याचा. मात्र तो अर्धा तास अंधारात, पावसात आणि मुले भुकेली असताना जातो, म्हणून त्याचे मोल घड्याळात दिसते त्यापेक्षा जास्त आहे. कोणता दांडा कुठला, यावरून आमच्या घरी होणारे वाद या हंगामात जवळजवळ थांबले, हेही नोंदवायला हवे.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र माझे मत बदलले. हवेच्या नळ्या वाऱ्यात मऊ पडतील असे मला वाटत असे. अँगल्सीच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रावरून येणाऱ्या झोतांत त्या वाकत होत्या आणि झोत ओसरताच पुन्हा सरळ होत होत्या. पोलादी दांडा एकदा वाकला की वाकलेलाच राहतो, आणि त्याआधी त्याच्या सांध्यांतले चाप सरकून कापड सैल पडते, मग रात्री उठून ते घट्ट करावे लागतात. दांड्यांची कुरकुर आणि कॅरॅव्हॅनच्या भिंतीवर होणारी टकटकही हवेच्या ऑनिंगमध्ये नाही. हा फरक झोपेच्या दृष्टीने मोठा आहे. तरीही ताणपट्ट्यांशिवाय दोन्हीही निरुपयोगी आहेत, आणि वादळाचा इशारा असेल तर कोणतेही ऑनिंग उतरवून ठेवणे हाच शहाणपणा.

तापमानाचा परिणाम हा हवेच्या प्रकाराचा खास विषय आहे आणि विक्रेते तो क्वचितच नीट समजावतात. पंपावरचा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किती जास्त, एवढेच दाखवतो. तापल्याने होणारी वाढ मात्र बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण दाबाच्या प्रमाणात होते. सकाळी ८ अंशांना ९ पीएसआय (टायरमधली हवाही याच एककात मोजतात) भरलेली नळी दुपारच्या उन्हात ३५ अंशांपर्यंत तापली, तर दाब ११ च्या वर जातो. म्हणून उन्हाळी दिवशी थोडी हवा सोडणे आणि थंड पहाटेनंतर पुन्हा भरणे ही सवय लागते. दांड्यांना अशी देखभाल नको असते.

जमिनीच्या उताराच्या बाबतीत जुने ऑनिंग स्पष्टपणे सरस ठरले. दांड्यांचे पाय कमी-जास्त लांब करता येतात, नळीची लांबी मात्र ठरलेली असते. लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका उतरत्या जागेवर हवेच्या ऑनिंगचा एक कोपरा जमिनीपासून वर राहिला आणि खालून वारा आत येत राहिला. खरेदीपूर्वी आपल्या कॅरॅव्हॅनच्या खाचेची जमिनीपासूनची उंची मोजावी, कारण अनेक मॉडेल २३५ ते २५० सेंटिमीटर अशा ठरावीक उंचीसाठीच असतात. शिवाय ‘संपूर्ण हवेचे’ म्हणवणाऱ्या ऑनिंगमध्येही छताला ताण देणारा एखादा आडवा दांडा बहुधा असतोच. तो लावला नाही तर पावसाचे पाणी छतावर साचून पोट येते.

वजनाचा विचार पुष्कळ जण करत नाहीत. ग्रेट ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या परवान्यावरही ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, परंतु प्रत्येक कॅरॅव्हॅनची स्वतःची भारमर्यादा कायम राहते आणि सामानासाठी उरणारी मुभा अनेकदा दीडशे किलोंच्या आसपासच असते. आमचे हवेचे ऑनिंग वीस किलोंहून जड आहे आणि ते सगळे एकाच पिशवीत असते. दांड्यांचे ऑनिंग दोन पिशव्यांत विभागता येते, त्यामुळे कंबरेला त्रास कमी होतो आणि वजन चाकांच्या आसावर वाटून ठेवणेही सोपे जाते.

बिघाडाचा अनुभवही आला. उन्हाळ्याच्या मध्यावर एका नळीतून रात्रभरात हवा कमी होऊ लागली. बाहेरच्या आवरणाची चेन उघडून आतली फुगणारी पिशवी काढली, टबमधल्या पाण्यात धरली आणि बुडबुड्यांवरून भोक सापडले. ठिगळ लावणे अवघड नव्हते. मात्र ते सुकेपर्यंत थांबावे लागले, आणि कॅम्पसाइटवर हे करणे घराइतके सोयीचे नाही. आमच्या ऑनिंगमध्ये नळ्यांच्या मधले झडप बंद करता येते, म्हणून बाकीचा सांगाडा उभा राहिला. एकाच ठिकाणाहून हवा भरायच्या मॉडेलमध्ये अशा झडपा आहेत का, हे खरेदीच्या वेळी जरूर पाहावे. पोलादी दांडा तुटला तर जोडचाप कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

पाऊस संपत नसला की ओले ऑनिंग गुंडाळूनच घरी आणावे लागते. हवेच्या ऑनिंगमध्ये नळ्यांच्या आवरणात ओल राहते. ऑनिंग गॅरेजमध्ये टांगून ती आवरणे आतूनही सुकवावी लागतात, नाहीतर आठवड्यात काळी बुरशी दिसू लागते. हे काम मला अजूनही नावडते.

शनिवार-रविवारच्या सहलींना आम्ही आता हवेचेच नेतो. पेम्ब्रुकशायरमध्ये दोन आठवडे एकाच जागी राहायचे असेल तर मात्र जुनेच काढतो, कारण तिथे उभारणीचा अर्धा तास खुपत नाही. कुणी वापरलेले हवेचे ऑनिंग घेणार असेल, तर विक्रेत्याला आदल्या संध्याकाळी पूर्ण हवा भरून ठेवायला सांगावे, सकाळी स्वतः जाऊन प्रत्येक नळी दाबून पाहावी, आणि पहाट थंड असेल तर थोडा उतरलेला दाब गळती समजू नये.