बिनव्याजी पतसंस्था की सहकारी बँक, चाचांचे सहा लाख कुठे ठेवायचे?

कोंढव्यात आमच्या बिल्डिंगमधे इनामदार चाचा राहतात, एसटीतून रिटायर झालेत, हातात सहा लाख आहेत आणि व्याज नको हे पक्कं. दोन ऑप्शन घेऊन आले: एक बिनव्याजी पतसंस्था, दुसरं पेठेतल्या छोट्या सहकारी बँकेत करंट खातं, म्हणजे व्याजाचा प्रश्नच नाही. "तू ऑडिटवाला ना, बघ जरा." मग दोन्हीकडचे वार्षिक अहवाल घेऊन बसलो.

आधी हे क्लिअर करतो की भारतात इस्लामिक बँक नाहीये. 2008 मधे रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगला वाट करून द्या म्हटलं होतं, पण 2017 मधे रिझर्व्ह बँकेने विषय गुंडाळला. त्यामुळे कुणी 'आपली इस्लामिक बँक' म्हणालं तर ती बहुतेक पतसंस्थाच, नाहीतर बंगळुरूच्या आयएमए या गुंतवणूक कंपनीसारखं काहीतरी भलतंच (2019, हलाल म्हणून पैसे घेतले आणि लोक बसले रडत).

पैसे बुडाले तर काय? बँकेत 5 लाखांपर्यंत विमा, पतसंस्थेत तो विमा नाही. माझ्यासाठी अर्धा निकाल इथेच लागतो. पण बँक म्हणजे निर्धास्त असंही नाही, आपल्या पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर 2013 ला निर्बंध आले आणि 2022 ला लायसन्स गेलं, मधली नऊ वर्षं लोकांनी कशी काढली ते पुणेकरांना सांगायला नको.

आता कारभार. पतसंस्थेच्या अहवालात सभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ असते, 'संचालक व त्यांच्या नातेवाईकांना दिलेल्या कर्जाची नोंद घेणे', लोक ती वाचतच नाहीत. चाचांच्या संस्थेच्या अहवालात ओळ होती पण यादी पुढे कुठेच नाही, तीनदा पानं उलटली. सहकारी बँकेला तर संचालकांना कर्ज द्यायलाच रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, किरकोळ अपवाद सोडून.

आणि ही काही आपल्याकडचीच भानगड नाही. तुर्कस्तानात इहलास फायनान्स म्हणून व्याजाशिवाय चालणारी संस्था होती, 2001 मधे बंद पडली, पैसा आपल्याच ग्रुपच्या कंपन्यांत गेला होता आणि खातेदारांना विमा नव्हता. परदेशातल्या इस्लामिक बँकांत शरिया बोर्ड, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांचं मंडळ असतं, पण ते व्यवहार हलाल आहे का ते बघतं, घेणारा पैसे परत करेल का हे बघणं त्याचं काम नाही. गंमत म्हणजे मुदारबा खात्यात (बँक तुमचा पैसा धंद्यात लावते आणि व्याजाऐवजी नफ्यात वाटा देते) तोटा झाला तर तो खातेदाराच्या अंगावर, पण संचालक निवडायला त्याला मत नाही. आपल्या सहकारी बँकेतही थोडंफार तसंच, कर्ज घ्यायचं तर शेअर घ्यावे लागतात म्हणून कर्जदाराला मत मिळतं, नुसता ठेवीदार मात्र बाहेर. पतसंस्थेतही नाममात्र सभासद करून घेतलं की मत गेलंच.

परफॉर्मन्सचं म्हणाल तर तिकडच्या छोट्या इस्लामिक बँकेचा खातेदारांना मिळणारा नफ्याचा दर दरवर्षी अगदी सपाट दिसला तर मला शंका येते, कारण चांगल्या वर्षात राखीव बाजूला काढून वाईट वर्षात वाटता येतो, आणि ठेवी पळतील या भीतीने छोट्यांना तो मोह जास्त. बिनव्याजी पतसंस्थेत ठेवीवर परतावाच नाही, तिथे सर्व्हिस चार्जमधून पगार-भाडं निघतं का आणि थकबाकी किती एवढंच बघायचं. चाचांच्या संस्थेचा चार्ज कर्जाच्या रकमेवर टक्क्यांत होता. चाचा चष्मा वर करून म्हणाले, "मग हे व्याज नाही तर काय आहे रे?" मी गप्प बसलो.

शरिया म्युच्युअल फंड हा तिसरा रस्ता आहे, टाटा एथिकल वगैरे, पण तो शेअरबाजार झाला, सत्तरीत नको.

मी सांगितलं की करंट खात्यात साडेचार लाख ठेवा (मिनिमम बॅलन्सचं आधी विचारून घ्या), दुसऱ्या बँकेत एक, आणि संस्थेत मनाच्या समाधानासाठी पन्नास हजार, तेही सप्टेंबरच्या सभेत ती नातेवाईकांची यादी मागून झाल्यावर.